हळदीचे ठसे

माणसांपुढे राजरत्न शेजवळचे शब्द घशातच बसकण मारत. पण कोऱ्या पडद्यापुढे बसला की त्याला वाचा फुटे. बटण किती गोल असावे, त्याच्या डाव्या खांद्यावर उजेडाची तिरीप कशी पडावी, खालची सावली किती दाट धरावी, यावर तो तासन्‌तास स्वतःशी हुज्जत घालू शकत असे. उल्हासनगरात कॅम्प चारला गुरुदत्त सामंतांचे वर्कशॉप होते. मसाले, चहापूड, साबणाची भुकटी असे काय काय पाऊचमध्ये भरणारी यंत्रे तिथे तयार होत. आजवर त्या यंत्रांना दिवे असत आणि खटके असत. २००८च्या उन्हाळ्यात वर्कशॉपचे पहिले टचस्क्रीनवाले यंत्र निघाले, आणि त्या वीतभर पडद्यावर काय दिसावे, कुठे दिसावे, हे ठरवण्याचे काम सामंतांनी तेवीस वर्षांच्या राजरत्नवर सोपवले.

दोन महिने त्याने त्या पडद्यात जीव ओतला. अकरा बटणे, अकराही काचेच्या गोट्यांसारखी चमकणारी. सामंत सहा फुटांचे धिप्पाड गृहस्थ, पडद्याची पेटी स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर लावून त्यांनी एकदा लांबून पाहिले, एकदा जवळून पाहिले, आणि म्हणाले, "राजा, मिठाईच्या दुकानासारखं दिसतंय रे. एक उचलून तोंडात टाकावंसं वाटतं!" त्या एका वाक्यावर राजरत्नने पुढचे चार दिवस काढले.

यंत्र अंबरनाथला नेभनानी शेठच्या मसाल्याच्या कारखान्यात लागले. चैत्र सुरू होता. मसाल्याचा हंगाम म्हणजे तिथे हवासुद्धा तिखट. जुन्या यंत्रावर अकरा वर्षे चांगुणा भोईर उभी होती. वांगणीकडच्या एका गावाहून ती रोज येई. वय पंचेचाळीसच्या घरात, उंची पाच फुटांना दोन बोटे कमी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कायमचे पिवळे. नव्या यंत्रावर पहिली चाचणी तिनेच घ्यायची होती.

ती आली, मान वर करून तिने पडदा न्याहाळला, आणि कमरेला खोचलेली एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी काढून पेटीवर चढवली. वरून दोन रबर सटासट.

"मावशी, हे कशाला?" राजरत्नने न राहवून विचारले.

"भुकटी जाते आत, पोरा. जुन्यालाबी घालते मी. राहू दे."

पिशवीआड त्याच्या गोट्या निस्तेज झाल्या. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवावर कुणी गोणपाट टाकावे, तसे त्याला झाले. पण बोलणार कोण?

पडद्याच्या कोपऱ्यात त्याने एक वर्तुळ ठेवले होते. पाऊचची तोंडे बंद करणारा हीटर तापेपर्यंत ते करडे राहणार, तापला की हिरवे होणार. हिरवे म्हणजे तयार. शेंबड्या पोरालाही कळेल, असा त्याचा हिशेब. चांगुणाने मुख्य खटका टाकला, त्या करड्या वर्तुळाकडे एकवार पाहिले, समाधानाने मान हलवली आणि सरळ 'सुरू' दाबले.

हीटर थंडगार होता. पाऊचची प्लॅस्टिकची फिल्म जुळवून पाहताना यंत्र थंडही फिरवावे लागते, म्हणून सामंतांनी तिथे अडसर ठेवला नव्हता. यंत्र धडधडत फिरू लागले. पाऊच भरत होते आणि तोंडे उघडी टाकून खाली उड्या घेत होते. तिसऱ्या सेकंदाला हळदीचा पहिला लोट उठला. चांगुणा 'बंद'वर बोटाच्या गाठीने टकटक करू लागली. यंत्र ऐकेना. एकदा ऐकले, तर पडद्यावर राजरत्नची सुबक चौकट अवतरली: 'आपणास यंत्र थांबवण्याची खात्री आहे का?' खाली 'होय' आणि 'नाही'.

"अगो बाई, हे मलाच विचारतंय!" चांगुणा ओरडली. तिने 'होय' दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. अखेर तिने पेटीखालचे लाल टोपीचे मोठे बटण मुठीने ठोकले, तेव्हा कुठे यंत्र गप्प झाले. तोवर शेठ, सामंत, राजरत्न आणि दाराशी उभी असलेली अंजनी नावाची तिची जोडीदारीण असे चौघेही लग्नाच्या आदल्या दिवशीसारखे पिवळे झाले होते.

अंजनीला हसू आवरेना. शेठना ते अजिबात आले नाही.

"सामंतसाहेब, मशीन तुमची चांगली आहे. झकास. लेकिन ऑपरेटर पण तशी पाहिजे ना?" ते रुमालाने भुवया पुसत म्हणाले. मग चांगुणाकडे वळले. "मावशी, बुरा मत मानना. हे पडदेवाले काम शिकलेल्या माणसाचं आहे. आठ दिवस देतो. पुढच्या शनिवारी परत ट्रायल. जमलं तर मशीन तुमची. नाही तर निवडणीत बसा. जुनी मशीन तर मी भंगारवाल्याला बोलून बसलोय."

निवडणी म्हणजे मागची पत्र्याची शेड. तिथे बायका गोणपाटावर बसून दिवसभर मिरच्यांची देठे खुडत आणि दिवसभर खोकत. चांगुणा तिथूनच वर चढून यंत्रापाशी आली होती. तिने पदराच्या टोकाने तोंड पुसले, आणि झाडू घेऊन सांडलेली हळद भरू लागली.

रिक्षात सामंत म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. पडदा एक नंबर आहे. बाई जुनी आहे. आठ दिवस जा तिकडे, शिकव तिला."

राजरत्नला यातून दिलासा मिळायला हवा होता. त्याऐवजी त्याला सारखी ती मान दिसत राहिली. करड्या वर्तुळाकडे पाहून चांगुणाने समाधानाने हलवलेली मान. चुकणारा माणूस चाचपडतो, घाबरतो. ती तर खात्रीने चुकली होती. अशी खात्री कुठून आली असेल?

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच कारखान्यात पोहोचला. चांगुणा जुन्या यंत्रावर धण्याची पूड भरायच्या तयारीत होती.

"शिकवायला आलास?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने दचकला. "आधी जरा बघतो. तुम्ही करा तुमचं काम."

"बग की. फुकट हाय."

तिने खटका टाकला. जुन्या यंत्राच्या कपाळावर एक लाल दिवा पेटला. चांगुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंजनीशी कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत राहिली. डोळे मात्र अधूनमधून त्या दिव्याकडे. पाच मिनिटांनी दिवा विझला, आणि विझल्या क्षणी, वाक्य अर्धे सोडून, तिने यंत्र सुरू केले. पहिलाच पाऊच घट्ट.

राजरत्न दोन पावले पुढे आला.

"मावशी! तुम्ही दिवा विझायची वाट बघता?"

"मंग? डोळा लाल हाय तवर तापतंय. डोळा मिटला की तापलं. तवा तापला की आपण धग कमी करतो का नाय? तसंच ते."

"म्हणजे काल... काल माझ्या पडद्यावर लाल काहीच नव्हतं..."

"नव्हतंच! मला वाटलं, नवीन मशीन, लवकर तापली असंल. शेरातली पोरगी असते तशी." अंजनी खिदळली.

राजरत्न उभ्या जागी हसू लागला. इतके साधे, इतके उघडे! अकरा वर्षे ज्या बाईला अंधार म्हणजे 'तयार' असे यंत्राने शिकवले होते, तिच्यापुढे त्याने पहिल्याच क्षणी अंधार ठेवला होता. त्याचा हिरवा दिवा बरोबर होता, पण कुठल्यातरी दुसऱ्याच माणसासाठी. शाळेत गणित सुटल्यावर छातीत जसे फुलपाखरू उडे, तसे पुन्हा उडाले. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले: 'आधी पेटला पाहिजे. मग विझला पाहिजे.'

"आणि मावशी, दिवा पेटलाच नाही तर?"

"तर हीटर गेला. मंग मिस्त्रीला हाक मारायची. पेटल्याबिगर विझला त्यो डोळा खोटा." ती त्याच्याकडे निरखून पाहू लागली. "काय रे, तू लिवतोस काय? मी काय कीर्तन सांगते?"

तो नव्या यंत्रापाशी गेला. कालची पिशवी तशीच पेटीवर होती. मघा हसताना त्याला जे दिसले नव्हते, ते आता खिडकीच्या उन्हात स्पष्ट उमटले होते: पिशवीभर हळदीचे ठसे. गोल, पिवळे, काही एकावर एक. काल चांगुणाने जिथे जिथे बोट लावले, त्या प्रत्येक जागेची नोंद त्या फाटक्या पिशवीने निगुतीने ठेवली होती. त्याने श्वास रोखून मोजले. तेवीस. आणि तेवीसपैकी एकवीस ठसे बटणांवर नव्हतेच; ते बटणांच्या खाली होते. अंदाधुंद पसरलेले नव्हते. 'बंद' आणि 'होय' यांच्या खाली साधारण बोटभर अंतरावर त्यांचा नीट गोतावळा जमला होता, जणू कुणी मोजून मारले असावेत.

त्याने ती पिशवी रबरासकट अलगद उतरवली, दोन वर्तमानपत्रांमध्ये सपाट ठेवली आणि छातीशी धरली.

"अंजने, बग," मागून चांगुणाचा आवाज आला. "शेठ मला हाकलतोय, आन्‌ हा माझी पिशवी पळवतोय."

बदलापुरात, बेलवलीच्या घरी, संध्याकाळी त्याने आपल्या पडद्याचे मूळ मापाचे चित्र छापून जमिनीवर ठेवले आणि वर पिशवी अंथरली. धाकटी बहीण मैत्रेयी कॉलेजातून आलेली, ती डोकावून म्हणाली, "हे काय, कुणाची पत्रिका बघतोस?"

"गप. हे ठसे खाली का, ते सांग."

"बाईचा नेम चुकत असेल."

"एकवीस वेळा एकाच बाजूला? तो नेम चुकणं नाही. तो नेमच आहे. कुठेतरी मीच चुकलोय."

मैत्रेयी चकित झाली. दादा एका दमात इतके बोलल्याचे तिला आठवत नव्हते. आई, सरस्वती, कणीक मळत होती. तिच्या हातांकडे पाहता पाहता राजरत्न उठला. भिंतीवरची एक रिकामी तसबीर उतरवून त्याने चित्र आत सरकवले. काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून पिशवीच्या फुगवट्याएवढी फट राखली. मग ती तसबीर दारावर उंच, सामंतांच्या डोळ्यांच्या मापाने, खिळ्याला टांगली.

"मैत्रेयी, बोटाला पीठ लाव आणि 'बंद' दाब."

मैत्रेयी उंच होती. तिचा ठसा बरोबर बटणावर पडला.

"आता आई, तू."

"माझे हात भरलेत रे बाळा."

"तेच पाहिजेत! बोटाने नको, या मधल्या बोटाच्या गाठीने दाब."

सरस्वती पाच फुटांचीही नव्हती. मान वर करून तिने नेम धरला आणि गाठ टेकवली. कणकेचा गोळा काचेवर उमटला. बटणाच्या खाली. बोटभर.

"अगं, तू बटणावरच दाबलंस ना?"

"मग काय दारावर दाबलं? बटणावरच दाबलंय मी, दिसतंय की मला!"

खालून पाहणाऱ्याला ते बटणावरच दिसत होते. समोरून पाहणाऱ्याला खाली. काच पुढे, चित्र मागे, आणि मधल्या त्या इवल्याशा फटीत एका बाईची रोजीरोटी अडकली होती. राजरत्नने आईला कणकेच्या हातांसकट मिठी मारली. ती "अरे, अरे!" करीत राहिली. मग त्याने पट्टी घेऊन ठसे मोजायला सुरुवात केली. बोटाचे टोक बारीक असते. बोटाची गाठ त्याच्या दीडपट रुंद. त्याची बटणे बोटाच्या टोकासाठी होती, आणि ते टोक त्याचे स्वतःचे होते.

पुढचे चार दिवस तो एखाद्या प्रेमवेड्यासारखा वावरला. सकाळी कारखाना, दुपारी वर्कशॉप, रोज एक नवी पिशवी. चांगुणा दिवसातून तासभर नव्या यंत्रावर हात बसवी आणि जाताना पिशवी उतरवून त्याच्या हाती देई: "हं, घे तुझा प्रसाद." वहीची पाने भरत होती. ती गाठीने का दाबते? कारण उजव्या हातात फिल्मची कड असते आणि डाव्या हाताच्या बोटांची टोके भुकटीने माखलेली. म्हणजे बटणे डावीकडे हवीत. 'उष्णता नियंत्रण' हे त्याचे डौलदार शब्द तिने एकदाही वाचले नव्हते. ती म्हणे 'हीटर'. म्हणजे 'हीटर'च लिहायला हवे. आणि अकरापैकी सात बटणांवर चार दिवसांत हळदीचा कणही पडला नव्हता. ती बटणे पाहताना त्याला जरा गलबलून आले. त्यांतल्या एकेका सावलीवर त्याने आठवडा आठवडा घालवला होता.

बुधवारी त्याने सामंतांना गाठले. वाक्ये त्याने रिक्षात पाठ केली होती. तरी सुरुवातीलाच अडखळला.

"सर, मला... चमक काढायचीय."

"चमक काढायची?" सामंतांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अरे, तुला बाईला शिकवायला पाठवलं ना? चमकीवर तर गिऱ्हाईक भाळतं! कारखान्याचा मालक पडदा बघतो, हीटर नाही बघत."

 राजरत्न पाठ केलेली सगळी वाक्ये विसरला होता. त्याने खांद्यावरच्या झोळीतून एक पिवळी झालेली पिशवी काढली आणि सामंतांच्या टेबलावरच्या चालू पडद्यावर पसरली. अकराच्या अकरा गोट्या विझल्या. राहिला राखाडी चिखल.

"हे काय?"

"मावशींना हेच दिसतं, सर. रोज."

 सामंतांनी वाकून पाहिले, मग खुर्चीत खाली सरकून, मान वर करून, चांगुणाच्या उंचीवरून पाहिले. गाठीने 'बंद' दाबले. पडदा मख्ख.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. "किती बटणं ठेवणार?"

"चार. मोठी, सपाट, काळ्या रेघेची, डावीकडे. बाकीची आतल्या पानावर. आणि 'बंद' दाबलं की बंद. तिथे प्रश्न नको. मोठा लाल डोळा, पेटणारा आणि विझणारा. हीटर गेला तर डोळा उघडझाप करील. आणि सर, पेटीच्या वरच्या दोन बोल्टांमागे दोन-दोन वॉशर घालू. पडदा थोडा खाली बघेल."

"दोन वॉशर!" सामंत मोठ्याने हसले. "दोन महिने तू रंगकाम केलंस, आणि औषध निघालं वॉशर! आण इकडे पाना."

शुक्रवारी नवा पडदा यंत्रावर चढला. चांगुणाने मान उचलली. या वेळी तितकी उचलावी लागली नाही. लाल डोळा पेटला. सहा मिनिटांनी विझला. तिने 'सुरू' दाबले, पहिल्याच फटक्यात. पाऊच घट्ट. 'बंद' दाबले, यंत्र थांबले.  तरीही राजरत्नने वही मिटली नाही. डोळा विझणे आणि तिने बटण दाबणे यांच्या मध्ये एक क्षण जात होता. जुन्या यंत्रावर तो जात नसे. त्या क्षणात तिची मान किंचित कलंडत होती.

"मावशी, काहीतरी कमी आहे का?"

"हाय. पन काय, ते सांगता येत नाय." तिने ओठ दुमडले. "भाजीत मीठ इसरलं असंल तर कसं, घास गिळतो पन जीभ वाट बगते. तसं."

तो जुन्या यंत्रापाशी गेला, खटका टाकला आणि डोळे मिटून उभा राहिला. अंजनी म्हणाली, "झोपला गं तुझा इंजिनेर!" पाच मिनिटे गेली. आणि मग लोखंडी कपाटाच्या पोटातून, दिवा विझण्याच्या त्याच ठोक्याला, आवाज आला: खट्.

जुना रिले, विजेचा आपोआप पडणारा खटका! हीटरची वीज तोडताना तो असा दात वाजवी. नव्या यंत्रात तेच काम मुके झाले होते. चांगुणाचे डोळे अर्धा वेळ साखरपुड्याच्या गप्पांत असत. वाट पाहत होते ते तिचे कान.

राजरत्न त्याच पावली उल्हासनगरला गेला आणि भंगाराच्या खोक्यातून एक जुना रिले शोधून परत आला. सामंत सोबत आले होते. कपाटात तो जोडताना त्यांनी विचारले, "याच्यातून हीटरची वायर जाणार?"

"नाही, सर."

"मग मोटरची?"

"नाही. काहीच जाणार नाही."

"म्हणजे हा करणार काय?"

"आवाज करणार, सर."

सामंतांनी एकदा रिलेकडे पाहिले, एकदा राजरत्नकडे, आणि स्क्रू पिळला.

शनिवारी शेठ अकराला आले. सोबत त्यांनी एक कागद आणला होता. त्यावर शिकलेल्या दोन उमेदवारांची नावे आहेत, असे अंजनीने कुजबुजून सांगितले. चांगुणाने पिशवी चढवली, रबर लावले, खटका टाकला. डोळा पेटला.  निवडणीच्या शेडमधून खोकल्याचा आवाज तेवढा येत होता. खट्. डोळा विझला आणि तिची गाठ 'सुरू'वर पडली. मध्ये क्षणही गेला नाही. पाऊच पडू लागले, एकसारखे, मिटल्या ओठांचे. शेठनी एक उचलून दोन्ही हातांनी दाबला. फुटला नाही. दुसरा दाबला. तोही नाही.

तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती. पण तेव्हा वीज वेळ पाळणाऱ्यांपैकी नव्हतीच. यंत्र अर्ध्या पाऊचवर गार झाले. वीस मिनिटे सगळे घामाघूम होऊन उभे राहिले. वीज आली ती शेठचा फोन वाजत असतानाच. कुर्ल्याचा व्यापारी गाडी घेऊन निघाला होता.

"चला, चला मावशी, चालू करा! टाइम नाही!"

पडद्यावर डोळा लाल होता. चांगुणा हात बांधून उभी राहिली.

"अरे, चालू करा ना!"

"डोळा मिटू दे."

"आधी तर गरमच होती मशीन! वीस मिनटात काय होतं?"

"शेठ," ती शांतपणे म्हणाली, "मागल्या टायमाला तुम्ही हळदीत न्हालात. आज धने हायत. डोळ्यात गेले तर मला सांगू नका."

अंजनीने तोंडात पदर कोंबला. सामंत छताकडे पाहू लागले. राजरत्नला वाटले, आता शेठ तो कागद काढणार.  शेठ पडद्याकडे पाहत होते, त्या एका लाल टिकलीकडे, आणि ज्या बाईला पडदा वाचता येणार नाही असे ते आठ दिवसांपूर्वी म्हणाले होते, ती त्यांना पडद्याचा हवाला देऊन थांबवत होती. दोन मिनिटे गेली. तीन. खट्.

चांगुणाने बटण दाबले. पहिला पाऊच घट्ट.

शेठनी तो उचलला, उलटासुलटा केला आणि खिशातला कागद काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवले. "पाटी बनवायला टाकतो. नव्या मशीनवर ऑपरेटरचं नाव पाहिजे. दुसऱ्या पाळीवाल्या पण तुमच्याकडूनच शिकतील. काय लिहू? चांगुणा...?" अकरा वर्षांत पुढचे नाव विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"चांगुणा आनंदा भोईर," तिने एकेक शब्द सुटा करून सांगितला. "भोईर पुरं लिवा. भो नुसतं नको."

"लिहिलं, बाबा, पुरं लिहिलं."

"मंग आता सरा बाजूला. उजेड अडतोय." मग तिची नजर राजरत्नवर पडली. तो पेटीला नाक लावून उभा होता. "पोरा, तूबी सर."

राजरत्न सरला. पाऊच भराभर खाली पडत होते, अंजनी ते खोक्यात रचत होती, आणि चांगुणा पडद्याकडे न पाहताच साखरपुड्याची राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली होती.